गुडघा खराब आहे, शाळेतल्या स्काऊटच्या पोरांचा लीडर होता येईल का?

होता येईल ना भाऊ. तुम्ही लिहिलंय की दोन किलोमीटरच्या वर चालवत नाही, पण सगळ्यात पुढे लीडरनंच चालायचं असं कुठंय? स्काऊटमधे सहा-आठ पोरांची टोळी असते, तिचा नायक त्यांच्यातलाच एक पोट्टा, म्हणजे मोठ्यानं मागं राहावं अशीच ती पद्धत आहे. गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, चुलीवरचा स्वयंपाक, सगळं खुर्चीवर बसून शिकवता येते. भंडारा-गोंदियाकडचे असाल तर आणखीच सोपं, तिकडे गावोगावी मामा तलाव (म्हणजे जुने मालगुजारी तलाव) आहेत, हिवाळ्यात पाळीवर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाका, पोट्टे दुर्बिणीतून बदकं मोजतील अन् वही तुमच्याजवळ (भांडणंही तुमच्याकडेच येतील, ते वेगळं). जंगलात मात्र एकट्या लीडरनं पोरं नेऊच नये, धडधाकट असला तरी, सोबत दुसरा मोठा माणूस पाहिजेच. तो पोरांसोबत चालेल, तुम्ही गाडीनं मुक्कामी पोचा. मे महिन्यात कॅम्प अजिबात नको, 45 डिग्रीत पहिलवानही बसतो. काय जमते अन् काय नाही ते हेडमास्तरला आधीच सांगा, स्काऊट लीडरच्या ट्रेनिंगला, म्हणजे बेसिक कोर्सला जाल तेव्हा तिथल्या ट्रेनरलाही.