‘मॅडम, पन्नास घेऊ की पाचशे?’

गेल्या चार-पाच वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की आता खुर्चीत बसायच्या पद्धतीवरूनच मला तो येणार हे कळतं. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका असोत, कॉलेज रोडला क्लास घेणारी शिक्षिका असो किंवा घरून काम करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा. मी समुपदेशक. माझ्याकडे माणसं येतात झोप लागत नाही म्हणून, घरात खटके उडतात म्हणून. मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत हळूच विचारतात, “मॅडम, इंडेक्स फंडात पैसे टाकायचेत. पन्नास घेऊ की पाचशे?” इंडेक्स फंड म्हणजे शेअर बाजाराच्या एखाद्या निर्देशांकाच्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा फंड. पन्नास की पाचशे, म्हणजे त्या यादीत किती कंपन्या.

सुरुवातीला मी म्हणायचे, हे माझं क्षेत्र नाही, सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेल्या सल्लागाराला भेटा. आजही म्हणते. कोणता फंड घ्या हे मी कधीच सांगत नाही. पण सल्लागाराला भेटून आलेली माणसंही महिनाभराने तोच प्रश्न घेऊन परत यायला लागली. तेव्हा मी तो विषय बसून शिकून घेतला. माणूस ज्या गोष्टीपाशी अडला आहे ती गोष्ट माहीत नसताना त्याच्या मनाशी बोलता येत नाही, असं मी पहिल्यापासून मानत आले आहे.

त्यातलीच ही एक गोष्ट. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

नीलेश छत्तीस वर्षांचा, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघणारा. २०२४च्या उन्हाळ्यात बायकोने त्याला जवळजवळ ओढतच आणलं. “मॅडम, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर असतात. मला आधी वेगळंच वाटलं होतं. बघते तर एक्सेल!”

त्याने ती शीट मला दाखवली. तेवीस रकाने होते. सेन्सेक्स, निफ्टी ५०, नेक्स्ट ५०, निफ्टी १००, निफ्टी ५००, अगदी साडेसातशे कंपन्यांचा टोटल मार्केटसुद्धा. एक वर्षाचा परतावा, तीन वर्षांचा, पाच वर्षांचा, खर्चाचं प्रमाण, सगळं रंगवलेलं. अडीच वर्षांचं काम होतं ते. दर महिन्याला पंधरा हजार बाजूला काढायचे हेही तेव्हाच ठरलेलं.

“मग ते पैसे आहेत कुठे?” मी विचारलं.

तो गप्प. बायको म्हणाली, “बचत खात्यात होते. साडेचार लाख व्हायला हवे होते, पावणेदोन उरलेत. थोडे फर्निचरला गेले, थोडे गाडीला. खात्यात दिसले की खर्च होतातच ना.”

मी त्याला शीट समजावून द्यायला सांगितलं. पूर्ण एक तास दिला त्याला. अडलेल्या माणसाला त्याच्या शहाणपणासकट आधी ऐकून घ्यावं लागतं. आणि तो खरोखर छान समजावत होता. निफ्टी ५० म्हणजे सर्वांत मोठ्या पन्नास कंपन्या, नेक्स्ट ५० म्हणजे त्यांच्यामागच्या पन्नास, दोन्ही मिळून निफ्टी १००. पाचशेमध्ये मधल्या आणि लहान कंपन्याही येतात. ज्या कंपनीचे बाजारात खुले असलेले शेअर जास्त मोलाचे, तिचा वाटा जास्त.

“म्हणजे पाचशेच्या फंडात शंभर रुपये टाकले, तर त्यातले पहिल्या पन्नास कंपन्यांत किती जातात?”

“निम्म्याहून जास्त.”

“मग पन्नास आणि पाचशे ही दोन वेगळी गावं नाहीत.”

“नाहीत. पण फरक पडतोच की, मॅडम.”

पडतो, हे खरं आहे. २०१८-१९मध्ये मोठ्या कंपन्या तग धरून होत्या आणि लहान कंपन्या आपटत होत्या. २०२०नंतर लहानांनी मोठ्यांना मागे टाकलं. म्हणजे ‘सगळ्यात चांगला कोणता’ याचं उत्तर तुम्ही कोणत्या तारखेला विचारता त्यावर ठरतं. म्हणूनच नीलेशचा विजेता दर सहा महिन्यांनी बदलत होता आणि दर वेळी तो शीटला नवा रकाना जोडत होता. त्याला चांगला फंड नको होता, सर्वोत्तमच हवा होता. त्या ‘च’पाशी किती माणसं अडकलेली मी पाहिली आहेत! लग्नाची स्थळं पाहताना, मुलाची शाळा निवडताना, घर घेताना. अडचण बाहेरच्या पर्यायांमुळे येते असं वाटतं. प्रत्यक्षात ती त्या पर्यायांबद्दल आपण मनाशी जे म्हणतो त्यातून येते. माझ्या कामाचा पाया हाच आहे.

पुढच्या भेटीला मी त्याला एकच गणित करून आणायला सांगितलं. वीस वर्षं, दरमहा पंधरा हजार, हिशेबापुरता बारा टक्के परतावा. (बारा टक्क्यांची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे त्याच्याकडून आधी वदवून घेतलं.) उत्तर आलं साधारण दीड कोटी. निवड थोडी चुकली आणि साडेअकराच टक्के मिळाले, तर एक कोटी चाळीस लाख. निवड अचूक, बाराच टक्के, पण पहिली अडीच वर्षं हप्ते भरलेच नाहीत, तर एक कोटी सात लाख.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होता. मला वाटलं, झालं काम. नव्हतं झालं. पुढच्या आठवड्यात तो चोविसावा रकाना घेऊन आला.

तेव्हा मी माझाच प्रश्न बदलला. गणित पटूनही पाऊल उचललं जात नसेल, तर गाठ दुसरीकडे कुठेतरी असते. मी विचारलं, “समजा, निवड चुकली. तर घरात कोण बोलेल?”

“कुणी नाही बोलणार,” तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, “बाबांनाही कुणी बोललं नव्हतं.”

वडील सातपूरच्या कारखान्यातून २००७मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्या डिसेंबरात मिळालेली जवळजवळ सगळी रक्कम शेअरमध्ये घातली. जानेवारी २००८मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवर होता, ऑक्टोबरात तो आठ हजारांच्याही खाली जाऊन आला. फेब्रुवारी २००९मध्ये वडिलांनी निम्म्याहून कमी पैशांत सगळं विकलं. नीलेश तेव्हा वीस वर्षांचा. आई काही बोलली नाही. फक्त घरात ‘शेअर’ हा शब्द त्यानंतर कुणी उच्चारला नाही.

“त्यांचं नेमकं काय चुकलं?”

“चुकीचे शेअर निवडले, दुसरं काय.”

“त्यांना विचारलंत कधी?”

नव्हतं विचारलं. पंधरा वर्षांत एकदाही नाही. वडील सिडकोतच राहतात, त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी म्हटलं, या रविवारी जा. सल्ला मागू नका, दोष काढू नका. फक्त कोणते शेअर होते ते विचारा.

पुढच्या भेटीला त्याने लॅपटॉप आणलाच नव्हता. वडिलांनी कपाटातून एक जुनी वही काढून दाखवली होती. त्यांच्या अक्षरात कंपन्यांची नावं, भाव, तारखा. नीलेश म्हणाला, “मॅडम, नावं चांगली होती. बहुतेक आजही मोठ्या कंपन्या आहेत. निवड चुकलीच नव्हती.”

“मग?”

“मे महिन्यात ताईचं लग्न होतं. त्यासाठी विकावं लागलं.” तो थांबला. “२०१०च्या दिवाळीत सेन्सेक्स परत एकवीस हजारांवर आला होता, हे मी त्यांना सांगायला गेलो. तर म्हणाले, माहीत आहे मला. विकल्यानंतरही रोज बघत होतो.”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाने काहीतरी शहाणपणाचं बोलायचा मोह आवरला पाहिजे, आणि त्या दिवशी मी तो आवरला याचं मला आजही समाधान आहे. पंधरा वर्षं हा मुलगा वडिलांच्या न झालेल्या चुकीपासून स्वतःला वाचवत होता. ज्या पैशांना लग्नाची तारीख बांधलेली होती ते पैसे बाजारात गेले, तेही सगळे एकाच महिन्यात. चूक असेल तर एवढीच होती, आणि नीलेशच्या तेवीस रकान्यांत तिच्यासाठी एकही रकाना नव्हता.

म्हणून आता ‘पन्नास की पाचशे’ असं कुणी विचारलं, की मी आधी पैशांची तारीख विचारते. पाच-सात वर्षांच्या आत लागणारे पैसे या प्रश्नात येतच नाहीत. ते मुदत ठेवीसारख्या जागी असावेत. सहा महिन्यांचा घरखर्चही आधी तसाच बाजूला हवा. त्यानंतर पडझडीबद्दल विचारते. जानेवारी २०२०मध्ये बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१०वर बंद झाला होता. तुमच्या दहा लाखांचे काही आठवड्यांत सव्वासहा लाख झाले, तर घरात काय होईल? हे जोडीदाराला सोबत बसवून बोला. नेक्स्ट ५० किंवा लहान कंपन्यांचा वाटा जितका वाढवाल तितके हेलकावे वाढतात. ज्याला पन्नासच्या हेलकाव्यानेही झोप येत नाही त्याने जास्तीच्या परताव्याचं गणित मांडू नये.

एवढं झाल्यावर उरलेली निवड लहान राहते. ज्यांना अर्थव्यवस्थेचा जास्तीत जास्त भाग हवा त्यांना पाचशे पटतो, ज्यांना मोठ्या कंपन्यांचा आधार वाटतो त्यांना पन्नास किंवा शंभर. दोन्ही विचारांना अर्थ आहे. दोन्ही फंड एकत्र घेऊन मात्र फारसं काही साधत नाही, त्याच कंपन्या दोनदा घेतल्या जातात. एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांत निवडायचं असेल तर खर्च कुठे कमी आणि निर्देशांकाच्या व फंडाच्या वाढीतली तफावत कुठे कमी, एवढं पाहा. २०१३पासून डायरेक्ट योजना आहेत, त्यात मधल्या माणसाचं कमिशन जात नाही. आणि सारखी अदलाबदल करू नका. एका फंडातून दुसऱ्यात जाणं म्हणजे कायद्याने विक्रीच. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर वीस टक्के कर, वर्षानंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. जुलै २०२४पासून हे दर आहेत.

‘एखादी कंपनी बुडाली तर’ या भीतीला उत्तर देताना मी मायको सर्कलचं उदाहरण देते. पूर्वीची मायको म्हणजे आताची बॉश. अख्ख्या नाशिकला तिचं कौतुक, चौकालाही तिचंच नाव. पण २०१८मध्ये निफ्टी ५०च्या निकषांत ती मागे पडली, तेव्हा यादीतून बाहेर गेली आणि टायटनसारखी कंपनी आत आली. कुणाच्या भावनेसाठी ही यादी थांबत नाही. दर सहा महिन्यांनी ती तपासली जाते. जे काम नीलेश रात्री जागून करत होता, ते तिथे नियमाने होत असतं.

फंड कोणता यापेक्षा हप्ता चुकवायचा नाही हे महत्त्वाचं, ही गोष्ट शेवटच्या भेटीत त्याने बायकोला त्याच्या मामाच्या द्राक्षबागेवरून समजावली. मामा पिंपळगाव बसवंतला. “सोनाका लावा, माणिक चमन लावा, तास-ए-गणेश लावा, सगळ्या थॉमसन या एकाच द्राक्षवाणाच्या लेकी. मामांनी कधी वाण बदलायला बाग उपटली नाही. छाटणीची वेळ मात्र कधी चुकवली नाही.” हे उदाहरण माझं नव्हे, त्याचं आहे. पण त्यानंतर मी ते अनेकांना सांगितलं आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये त्याने निफ्टी ५०चा एक फंड निवडला. दरमहा सात तारखेला पंधरा हजार. महिनाभरात निफ्टी सव्वीस हजारांच्या वर गेला आणि पुढच्या मार्चपर्यंत बावीस हजारांवर घसरला. मी त्याच्या फोनची वाट पाहत होते. तो आला एप्रिलमध्ये, आणि तोही मुलीच्या शाळेबद्दल काही विचारायला. बोलता बोलता मीच बाजाराचा विषय काढला.

“बाबांचा फोन आला होता,” तो म्हणाला. “म्हणाले, पेपरात वाचलं. हे पैसे तुला कधी लागणार आहेत? मी म्हटलं, २०४४ला. तर म्हणाले, मग रविवारी जेवायला या सगळे.”