"गणित येतं, पण पेपर पुरा होत नाही"

एमएचटी-सीईटी ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा देणारी बारावीची मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. आईचा प्रश्न सरळ होता: "घरी सगळी गणितं सुटतात, मग सराव परीक्षेत, मॉकमध्ये, अकरा प्रश्न न बघताच कसे राहतात? स्पीडचा वेगळा क्लास लावू का?" बारावीच्या पालकांकडून हा प्रश्न फार येतो.

क्लासचं नंतर बघू म्हटलं, आधी मॉकचा रिपोर्ट उघडला. कोणत्या प्रश्नावर किती वेळ गेला हे बहुतेक ऑनलाइन मॉक दाखवतात, पण मुलं फक्त गुण बघून तो बंद करतात. गणिताला 50 प्रश्न, 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 108 सेकंद. तिने 39 प्रश्न हाताळले होते. त्यांतल्या 35 प्रश्नांना 63 मिनिटं लागली होती, म्हणजे सरासरी बरोबर 108 सेकंद. उरलेल्या चार प्रश्नांनी 27 मिनिटं खाल्ली, आणि त्यांतले दोन शेवटी चुकलेच. वेग ठीकच होता, स्पीडच्या क्लासची गरज नव्हती. हातात घेतलेलं गणित अर्धवट टाकून पुढे जाणं तिला जमत नव्हतं, इतकंच.

"इतकं केलंय तर आता सोडायचं कसं?" असं ती म्हणाली. हुशार मुलांना ही खोड जास्त असते. पण न उघडलेल्या अकरांत एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), लॉजिक, बायनॉमियल असे हातखंडा प्रश्न होते, आणि त्यांनाही गुण दोनच.

मग फेऱ्या ठरवल्या. पहिल्या 45 मिनिटांत पन्नासही प्रश्न नजरेखालून गेलेच पाहिजेत. वाचून 40 सेकंदांत वाट दिसली नाही तर रिव्ह्यूला टाकायचा, म्हणजे नंतर बघायची खूण करून पुढे जायचं. वाट दिसली, पण दोन मिनिटं उलटली, तरी सोडायचा. स्क्रीनवरचं घड्याळ उलटं चालतं, म्हणून 25व्या प्रश्नाला 67 मिनिटं उरलेली दिसायला हवीत. रफ कागदावर प्रश्नाचा क्रमांक घालून काम करायचं, म्हणजे परत आल्यावर पहिल्यापासून मांडावं लागत नाही. पुढची 35 मिनिटं सोडलेल्यांना आणि शेवटची 10 पर्याय तपासून उत्तर शोधायला.

पर्याय वापरणं म्हणजे फसवणूक, असं तिला वाटायचं. तिची साडेसात मिनिटं खाणारा प्रश्न 3×3 मॅट्रिक्सच्या इन्व्हर्सचा होता. रो अशा: (1, 2, 3), (0, 1, 4), (5, 6, 0). तिने डिटर्मिनंट काढला, नऊ कोफॅक्टर काढले आणि एका चिन्हात घसरली. त्याऐवजी पहिली रो प्रत्येक पर्यायाच्या पहिल्या कॉलमने गुणायची; मॅट्रिक्स गुणिले इन्व्हर्स म्हणजे आयडेंटिटी मॅट्रिक्स, म्हणून उत्तर 1 यायला हवं. कॉलम −24, 20, −5 असेल तर −24 + 40 − 15 = 1, पर्याय टिकला. 24, −20, 5 असेल तर −1, बाद. दोन पर्यायांचा पहिला कॉलम सारखाच असेल तर दुसरा घ्यायचा, तिथे 0 हवा. एका मिनिटाचं काम.

जेईईच्या तयारीमुळे आणखी एक सवय लागली होती: खात्री नसेल तर कोरं सोडायचं. जेईई मेनमध्ये चुकलं की गुण कापला जातो, सीईटीत कापत नाहीत. अकरा कोऱ्या प्रश्नांवर नुसता अंदाज लावला तरी चारांत एक या हिशेबाने दोन-तीन बरोबर येण्याची शक्यता असते. म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत नवं गणित उघडायचं नाही, कोरे भरायचे.

फेऱ्या लावल्यावर पहिल्या मॉकमध्ये गुण उतरले आणि आई धास्तावली. पण असं होतंच. सोडलेला प्रश्न डोक्यात घोळतो, मूल मध्येच मागे जातं. त्यासाठी घरी 12 मिनिटांत दहा प्रश्नांचे छोटे संच दिले. त्यांतले दोन मुद्दाम अवघड, आणि ते ओळखून सोडले तर शाबासकी.

मॉक मात्र पूर्ण तीन तासांचेच द्यायला सांगितले. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या 90 मिनिटांनंतर गणित उघडतं, आणि तिथला उरलेला वेळ इकडे मिळत नाही. सकाळी ताज्या डोक्याने नुसतं गणित सोडवून काढलेला अंदाज त्या वेळी लागू पडत नाही.