क्रीम, व्हॅसलीन आणि मेडिकलमधली 'साधी' ट्यूब

गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) जवळ आली की थंडीत कोरड्या पडणाऱ्या त्वचेबद्दल त्याच शंका पुन्हा येतात. म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्र. लेबलवर 'सिटाइल अल्कोहोल' लिहिलंय. त्वचा आणखी कोरडी पडेल का? (जुळे सोलापूर)

उ. नाही. ते स्पिरिटसारखं उडून जात नाही. मेणासारखा पदार्थ आहे, त्वचा मऊच करतो.

प्र. गाडीत तापलेल्या लोशनमध्ये पाणी वेगळं झालंय. हलवून वापरू?

उ. टाकून द्या.

प्र. विड्या वळून बोटांना भेगा पडल्यात. व्हॅसलीन लावूनही कोरडंच वाटतं. (कुंभारी)

उ. व्हॅसलीनमध्ये पाणी नसतंच. त्वचेतलं पाणी ते उडू देत नाही, एवढंच. कोरड्या हातावर लावलं तर अडवणार काय? रात्री हात धुऊन, टिपून, ओलसर असतानाच लावा. रक्त किंवा पू येत असेल, मधुमेह असेल, तर थेट दाखवा.

प्र. मुलाच्या कोपराला खाज होती. मेडिकलवाल्यांनी 'साधं मॉइश्चरायझर' दिलं. दोन दिवसांत आराम पडला, बंद केलं की परत येते. रोज लावू का? (होटगी रोड)

उ. अजिबात नाही. साध्या क्रीममध्ये तेल, पाणी आणि दोघांना धरून ठेवणारं इमल्सिफायर असतं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे. तेलकट भाग त्वचेच्या सुटलेल्या पापुद्र्यांमधल्या फटी भरतो, खाज हळूहळू उतरते. दोन दिवसांत गायब झाली? मग ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन. ही स्टेरॉइड्स. डॉक्टरांनी मोजून दिली तर उत्तम औषध. पण शेजारीण म्हणाली म्हणून महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, चेहऱ्यावर मुरमं उठतात. मूळ दुखणं नायटा असेल तर तो पसरतो आणि ओळखूही येत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं शेड्यूल 'एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी काउंटरवर 'गोरं करणारी' म्हणूनही खपतात! बरेच दिवस लावलं असेल तर परस्पर बंद करू नका. मुलाला आणि ट्यूबला, दोघांनाही घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

प्र. घाण्याचं करडईचं तेल अंगाला चालेल?

उ. मोठ्यांना चालेल, अंघोळीनंतर ओलसर अंगावर. बाळाला पुरळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.