नवीन लग्न झालंय, दोघांचाही पगार आहे, तर सगळे पैसे एकाच जॉइंट अकाउंटला टाकावेत का?

सगळे नको, आपापली पगाराची खाती तशीच ठेवा आणि फक्त घरखर्चासाठी एक तिसरं जॉइंट अकाउंट काढा. भाडं, किराणा, लाइटबिल, गॅस, कामवाल्या मावशींचा पगार हे सगळं त्यातून जाऊ द्या, आणि अर्धं-अर्धं करण्यापेक्षा पगाराच्या प्रमाणात टाका, म्हणजे एकाला 60 हजार नि दुसऱ्याला 40 हजार मिळत असतील आणि खर्च 40 हजार असेल तर 24 आणि 16. मी बँकेत खाती उघडायच्या टेबलावर बसते, तिथे नवीन जोडपी हमखास एक रकाना न वाचता सही करतात, तो म्हणजे खातं कोण चालवणार. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' वर टिक करा, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने खातं चालवू शकतं आणि एक गेल्यावर दुसऱ्याकडे ते राहतं; 'जॉइंटली' केलंत तर प्रत्येक चेकवर दोघांच्या सह्या लागतात आणि एटीएम कार्डही सहसा मिळत नाही, मग दळण आणायलाही दोघं जा!

अजून दोन कामं लगेच उरका:
- पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरा, लग्नाआधीचं लग्न झालं की आपोआप रद्द होतं.
- आईवडिलांना दर महिन्याला जे पाठवता ते आधीच एकमेकांना सांगा, खरी कुरबुर तिथेच होते, किराण्यावरून नाही.

फक्त एकाचीच कमाई असेल तर हे प्रमाण वगैरे लागू नाही. तेव्हा घरखर्चाशिवाय दुसऱ्याच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, हिशोब न विचारता. त्यावर टॅक्स नाही, पण त्याच पैशाची एफडी केली तर व्याज कमावणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.