मंगोलियातल्या बायान-ओल्गीचे कझाक ‘खरे’ कझाक की मंगोल? आणि तिथला गरुड महोत्सव बघण्यासारखा आहे का, की नुसता पर्यटकांसाठी?

प्रवासाच्या प्रश्नांच्या वाटेला मी सहसा जात नाही. खरे कोण नि खोटे कोण, असं विचारलंत म्हणून लिहायला बसले.

मी बडोद्याची. सासर पुण्याचं. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मामेसासरे भर पंगतीत म्हणाले, “बडोद्याचे म्हणजे तुम्ही अर्धे गुजरातीच की!” सगळे हसले. मी वाढत होते, म्हणून मीही हसले. तो वाद अजून चालू आहे, तेव्हा माझं उत्तर तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

बायान-ओल्गी या मंगोलियाच्या पश्चिम टोकाच्या प्रांतात दहातले साधारण नऊजण कझाक आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांचे पूर्वज चीनच्या बाजूच्या अल्ताईतून जनावरं घेऊन घाट ओलांडत इकडे आले. ते चाऱ्यामागे आले होते. आजच्या सीमारेषा नंतरच्या. १९४० साली हा प्रांत वेगळा झाला. शाळेत कझाक भाषा, लिपी रशियन वळणाची, गावात मशीद. आणि नकाशा नीट बघा: कझाकस्तान आणि मंगोलिया एकमेकांना कुठेही टेकत नाहीत. मध्ये रशिया आणि चीन येतात. ते अंतर चाळीस किलोमीटरसुद्धा नाही, पण त्यातून सरळ पलीकडे जाता येत नाही.

आम्ही दोघं तिथल्या साग्साई गावाजवळ एका कुटुंबाकडे राहिलो होतो. दुभाषी म्हणून ओल्गी या प्रांताच्या मुख्य शहरातल्या एक शिक्षिका बरोबर होत्या. पाहुणे आले म्हणून मेंढी कापली, आणि रिवाजाप्रमाणे उकडलेलं डोकं ताटात घालून यजमान आजोबांनी ते माझ्या नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने गालाचा तुकडा कापून घ्यायचा, कान कापून घरातल्या लहान पोराला द्यायचा. नवरा कोथरूडचा. सुरी कशी धरायची इथपासून तयारी होती. पण केलं त्याने, आणि पोरगं कान चघळत खुशीत बाहेर पळालं.

जेवण झाल्यावर मिठाचा दुधाळ चहा आला आणि मी आजोबांना तुमचाच प्रश्न विचारला, जरा बऱ्या शब्दांत. ते म्हणाले, १९९१ नंतर कझाकस्तानने बाहेरच्या कझाकांना परत बोलावलं तेव्हा इथून हजारो कुटुंबं गेली, त्यांचा धाकटा भाऊही गेला. तिकडे शहरात दुकानदाराशी कझाक बोलावं तर तो रशियनमध्ये उत्तर देई. भावाच्या मुलाला वर्गातली पोरं ‘मंगोल’ म्हणून हाक मारायची. काही वर्षांनी भाऊ बिऱ्हाड उचलून परत आला. बरं, इकडे मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला गेलं की हेच लोक ‘कझाक’. म्हणजे भाषा ज्यांनी जपली तेच दोन्हीकडे परके! माझ्या अंगावर काटा आला. माहेरी आम्ही शुद्ध मराठी बोलतो, आणि अर्धं वाक्य इंग्रजीत टाकणारी पुण्यातली भाचरं आम्हाला गुजराती म्हणतात. २०१८चं साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, हे मी मामेसासऱ्यांना त्या वर्षी आवर्जून कळवलं होतं.

मग आजोबांनी त्या कानवाल्या नातवाला आत बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. पोराने हात बाजूला ताठ ठेवून सात नावं म्हणून दाखवली. बाप, आजोबा, पणजोबा असं करत सात पिढ्या. कझाक मुलाला ही नावं पाठ असावीच लागतात, कारण सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न करत नाहीत. “तुमची सांगा,” आजोबा म्हणाले. आपल्याकडे श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात, त्यापुढे गोत्रावर भागवतो. मी चारपर्यंत पोचले. पुण्याला आल्यावर मामेसासऱ्यांना विचारलं, ते पणजोबांशी अडले. अर्धं कोण ते ठरवा.

तर हो, ते कझाक आहेत आणि मंगोलियाचे नागरिकही. कागदावर यात काही अडचण नाही. अडचण प्रश्न विचारणाऱ्यांना असते.

महोत्सव ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो आणि तो पर्यटकांसाठीच उभा केलेला आहे, गेल्या शतकाच्या अगदी शेवटी. म्हणून गरुडाकडून शिकार करवून घेण्याची विद्या खोटी ठरत नाही. सोनेरी गरुडाची मादी नरापेक्षा मोठी, म्हणून मादीच पाळतात. लहान असताना पकडायची, डोळ्यांवर चामड्याची टोपी, आणि काही वर्षं शिकार करून झाली की डोंगरात सोडून द्यायची. खरी शिकार हिवाळ्यात, कोल्ह्याची, बर्फात ठसे बघत. ती कॅमेऱ्यांसाठी नसते. मैदानावर मला गरुडापेक्षा घोडेस्वारी आवडली: भरधाव घोड्यावरून वाकून जमिनीवरचं नाणं उचलणं, आणि मुलगी चाबूक घेऊन मुलाच्या मागे लागते तो खेळ. फक्त फोटोसाठी जाणार असाल तर जाऊ नका, गर्दीत माणसांच्या पाठीच येतात.

थोडं दुरुस्त करते, नाहीतर नवरा रागावेल. मी एकाच घरातली गोष्ट ऐकली. कझाकस्तानात गेलेल्यांपैकी कितीतरीजण तिकडे छान स्थिरावले आहेत. शिवाय प्रांतात सगळेच कझाक नाहीत. त्सेंगेलकडे तुवा लोक आहेत, उरियांखाईही आहेत.

उलानबातरहून विमानाने जा, रस्ता सोळाशे किलोमीटरहून जास्त आहे. ओल्गीत घड्याळ तासभर मागे करा. तवान बोग्दकडे, म्हणजे ४,३७४ मीटरच्या खुइतेन शिखराच्या बाजूला जायचं तर सीमाभागाचा परवाना लागतो, तो आधी काढा. ऑक्टोबरात रात्री पाणी गोठतं. शाकाहारी असाल तर पाव, कणकेचे तळलेले बाउरसाक, वाळवलेलं दही आणि चहा यांवर राहावं लागेल. मेतकूट आणि भाजणी बरोबर न्या, मी नेली होती.