वृद्धाश्रमातला फेब्रुवारी

अनेक आशीर्वाद.

तुमच्या वृद्धाश्रमातल्या 14 फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचा तुझा आराखडा वाचला. लाल फुगे, बदामाच्या आकाराचा केक, 'आदर्श जोडी' स्पर्धा, संध्याकाळी साडेसहाला डीजे आणि शेवटी देणगीदारांबरोबर फोटो. उत्साह भरपूर आहे, तो राहू दे. पण तुमच्याकडे नवरा-बायको दोघंही राहतात अशा जोड्या किती आहेत? बहुतेक आश्रमांत त्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. बाकीच्यांत जोडीदार गेलेले, लग्नच न केलेले, आणि ज्यांच्या संसाराची आठवणही नको असे. मग बक्षीस एका जोडीला आणि टाळ्या वाजवायला बाकी सगळे. ती स्पर्धा आधी काढून टाक.

व्हॅलेंटाइनला माझा विरोध नाही. 'हे आपलं नाही' असं म्हणणारे एकदोन आजोबा भेटतीलच, त्यांच्याशी वाद घालू नकोस. तेच सगळ्यात आधी येऊन पहिल्या रांगेत बसतात. पण आपल्या दिनदर्शिकेत मायेचे दिवस काही कमी नाहीत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ आणि हळदीकुंकू, चैत्रात गौरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ, ज्येष्ठात वटपौर्णिमा, दिवाळीत भाऊबीज. यातली भाऊबीज मला सगळ्यात सोपी वाटते, कारण तिथे नवऱ्याचा प्रश्नच येत नाही. अवघड आहे ते हळदीकुंकू.

आश्रमातल्या बहुसंख्य बायका विधवा असतात. तू हौसेने हळदीकुंकू ठेवशील आणि त्या 'गुडघे दुखतात' म्हणून खोलीत पडून राहतील. गुडघ्यांवर विश्वास ठेवू नकोस. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली एका विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांना वाळीत टाकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला तो 2022 साली. मधे सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. तेव्हा तुझ्या एका आमंत्रणाने आजी लगेच कपाळ पुढे करतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. आदल्या आठवड्यात एकेकीजवळ बसून बोल. 'लावू का?' असं विचार आणि नको म्हणाल्या तर तिथेच थांब. कुंकू नको असलेल्या बाईलाही गजरा, अत्तर, तिळगूळ, वाण हे सगळं मिळालंच पाहिजे, आणि तेही रांगेत शेवटी नव्हे.

उखाणे मात्र जरूर घे. आयुष्यभर नवऱ्याचं नाव न उच्चारलेल्या पिढीला नाव घ्यायला तेवढीच एक जागा होती. स्मृतिभ्रंश झालेल्या, सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या माणसांच्या तोंडूनही यमक जुळलेल्या ओळी कधीकधी सरळ बाहेर पडतात. विधवा आजींनाही नाव घेऊ दे. नाव काही माणसाबरोबर जात नाही. आणि नवे उखाणे रचायला बसव. उदाहरणादाखल एक देते: 'गोळ्यांच्या डबीला सात वारांची घरं, अमुकरावांचं नाव घेते, आतातरी ऐका बरं!' याच्यापेक्षा कितीतरी चावट तुला ऐकायला मिळतील. लाजू नकोस.

आठवणी काढायच्या तर वयाचं गणित मांड. माणसाला सगळ्यात ठळक आठवतं ते साधारण दहा ते तीस या वयातलं. 1945 च्या आसपास जन्मलेल्या माणसाचा तो काळ म्हणजे 1955 ते 1975. तेव्हा तू लावणार असलेली नव्वदच्या दशकातली गाणी त्यांच्या मुलांची, त्यांची नव्हेत. त्यांच्याजवळ रेडिओ सिलोन आहे, निळं आंतरदेशीय पत्र आहे, कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे, सायकलवरची डबलसीट आहे. 'तुमचं पहिलं प्रेम कोणतं?' असा प्रश्न चारचौघांत फेकू नकोस. एखादी वस्तू हातात दे आणि गप्प बस. अत्तराचा फाया चालेल, जुन्या काठाची साडी चालेल, एसटीचं जुनं तिकीट मिळालं तर फारच छान. बोलतील त्यांना बोलू दे. एखाद्या आजींनी 'हे अजून आले नाहीत का?' असं विचारलं आणि 'हे' जाऊन वीस वर्षं झाली असली, तर 'ते गेले' असं पुन्हा पुन्हा सांगू नकोस. दर वेळी त्यांना ती बातमी नवी असते. 'ते कसे होते हो?' असं विचार.

आराखड्यात सगळीकडे आपण देतोय आणि ते घेताहेत. हे उलटं कर. वृद्धाश्रमातल्या माणसाला रोज कुणीतरी काहीतरी देतच असतं: जेवण, गोळ्या, सूचना. त्यांनी द्यावं असं कुणी मागत नाही. गजरे त्यांना ओवू दे आणि ते मावश्यांच्या, नर्सच्या केसांत त्यांच्याच हाताने माळू दे. रात्रपाळीच्या वॉचमनसाठी तिळगुळाची पुडी त्यांनी बांधावी. पत्रांचा एक तास वेगळा ठेव. ज्यांचे हात थरथरतात त्यांचं तू लिहून घे, जसं सांगतील तसं, भाषा न सुधारता. पत्र मुलाला असेल, दुरावलेल्या बहिणीला असेल, किंवा हयात नसलेल्या कुणालाही. मोठ्याने वाचून दाखवायची सक्ती नको.

आता खरं प्रेम. आश्रमात ते जमतंच. रोज शेजारी बसून चहा घेणारे दोघं तुझ्या लक्षात येतील, आणि स्वयंपाकघरात त्यांची चेष्टाही चालू असेल. ती चेष्टा तू थांबव. त्यांना मंचावर बोलावून गुलाब द्यायला लावू नकोस, आणि दोघांच्या मुलांना फोन करायची घाईही नको. दोघंही जाणती, सज्ञान माणसं आहेत. त्यांतल्या एकाला स्मृतिभ्रंश असेल तर मात्र त्या व्यक्तीची खरंच इच्छा आहे ना, हे डॉक्टर आणि समुपदेशकाबरोबर शांतपणे बघावं लागतं. ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी काम करणारी मंडळी पुण्यात आहेत. लग्न न करता एकत्र राहण्यामागे कित्येकदा साधं कारण असतं: पुनर्विवाह केला की सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन बहुतेक वेळा थांबतं.

डीजे नको. श्रवणयंत्रात तो नुसता कालवा होतो, आणि संध्याकाळी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा गोंधळ वाढतो. सकाळी दहाची वेळ ठेव, तासाभरात आटप. चिक्की आणि कडक वडी गिळायला त्रास असणाऱ्यांच्या हाती जाऊ देऊ नकोस, त्यांच्यासाठी मऊ लाडू कर. मधुमेह्यांचं नर्सला विचार, पण ताट भरलेल्या शेजाऱ्याकडे बघत बसायची वेळ कुणावर आणू नकोस. फोटो आधी विचारून, एकेकाला. कपाळावर टिकली चिकटवून 'किती गोड' म्हणत काढलेले फोटो मला पाठवू नकोस.

गुलाबाचा हट्टही सोड. फेब्रुवारीत मावळातल्या पॉलिहाऊसचा चांगला माल परदेशी जातो आणि इथे भाव चढलेला असतो. शिवाय पातळ झालेल्या कातडीला, त्यातून रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर, काटा चांगलाच महागात पडतो. शेवंती घे, झेंडू घे. फूलवाल्याला 12 तारखेलाच सांगून ठेव आणि सुई-दोऱ्याऐवजी जाड दोरा आण, गाठी मारून गजरे करता येतात. सुधारलेला आराखडा रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
ताई