आजोबांच्या ट्रंकेतली ७१ सालची पत्रं

तुम्ही विचारलंय की लढाईच्या काळातली पत्रं कुणाच्या घरात असतील तर त्यात नेमकं काय लिहिलेलं असायचं. आमच्याकडे आहेत, पंचवीस-तीस असतील, पण आधीच सांगतो, त्यात लढाई शोधायला जाल तर फसाल.

आमचं गाव खटाव तालुक्यात. आजोबा १ मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत शिपाई होते आणि ७१ ला पूर्वेकडे, आत्ताच्या बांगलादेशात होते. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, त्यात दोन्हीकडची पत्रं निघाली, त्यांनी पाठवलेली घरच्यांनी जपली आणि घरून आलेली त्यांनी जपून परत आणली. हे नशीब, कारण बहुतेक घरांत एकच बाजू सापडते.

पत्त्यात गाव नाहीच. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ९९ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, बस. पूर्वेकडच्या सैन्याचं टपाल ९९ वर, पश्चिमेकडचं ५६ वर, पुढे कोण कुठल्या खंदकात बसलंय ते टपालवाले बघणार. आजीला कितीतरी दिवस नव्व्याण्णव हे गावाचंच नाव वाटायचं. घरून गेलेल्या काही अंतर्देशीयांवर ५ पैशाचं जादा तिकीट आहे, निर्वासितांसाठी नोव्हेंबर ७१ पासून टपालावर तो कर लागला होता, आणि सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्याच तिकिटावर 'शरणार्थी सहायता' असं छापून भागवलं होतं. मला ते तिकीट बघून दरवेळी हसू येतं.

आता मजकूर. आजोबांचं डिसेंबरातलं पत्र घ्या, ढाक्याची शरणागती १६ तारखेला झाली त्यानंतर तीन दिवसांनी लिहिलेलं. 'ती. बाबांस शि. सा. नमस्कार. मी सुखरूप आहे काळजी नसावी. हरभरा पेरला का. खिलाऱ्या बैलाच्या खुराला औषध लावत जाणे. मनीऑर्डर पोचल्याचे कळवणे.' झालं. या माणसाची पलटण आठ दिवसांपूर्वी ब्रह्मपुत्रा ओलांडून पाकिस्तान्यांच्या ताब्यातल्या जमालपूरच्या मागे रस्ता अडवून बसली होती, रात्रीत पाकिस्तानी तुकडी अंगावर चालून आली होती, आणि हे विचारतायत बैलाचा खूर! कुठं आहोत, किती आहोत हे लिहायला बंदीच होती ते खरं, पण लढाई संपल्यावरच्या पत्रांतही नाही आणि नंतर घरी आल्यावर तोंडानंही फारसं नाही. एकच गोष्ट ते रंगवून सांगायचे आणि तीही पत्राचीच, की आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या ३१ बलूच या पाकिस्तानी पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदला चिठ्ठी पाठवली, शरण या, आणि त्यानं उत्तरात कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, वर पेन सोडून स्टेनगन घेऊन भेटा असा निरोप. जमालपूर पडलं ११ तारखेला सकाळी.

बंदीवरून आठवलं, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं इंग्रज तपासायचे, तर शिपाई गोऱ्या सैनिकांना लाल मिरी आणि आपल्या लोकांना काळी मिरी म्हणून लिहायचे, काळी मिरी संपत आलीय म्हणजे काय ते गावाकडं कळायचं. ती मूळ पत्रं बहुतेक गेली, तपासणीसांनी इंग्रजीत उतरवलेले तुकडे मात्र लंडनला अजून आहेत.

आमच्या घरच्या पत्रांना असा सांकेतिक वगैरे काही प्रकार नव्हता, पण तिथं वेगळीच भानगड होती. घरात लिहिता येणारं कुणी नाही. शाळेतले मास्तर रविवारी ओट्यावर बसायचे, पणजोबा सांगायचे, मास्तर लिहायचे, आणि निम्मी आळी ऐकायला. आजीनं नवऱ्याला काय सांगायचं तर दाराआडून, तेही सासरे उठल्यावर. त्यामुळं सगळ्या पत्रांत आजी आहे ती फक्त 'घरची मंडळी खुशाल' एवढ्या तीन शब्दांत. आजोबांचंही तसंच, बायकोचं नाव एकदाही नाही. त्यांनी मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली जी मजकुराची चिठ्ठी असायची तिच्यावर एकदा 'लुगडे घेणे' लिहिलंय, कुणाला ते लिहिलेलं नाही. आजीनं ती चिठ्ठी वेगळी ठेवली होती.

आणि खरं वाचण्यासारखं आहे ते लढाईनंतरचं. ७१ चा पाऊस आमच्याकडं कमी, ७२ ला तर गेलाच, माण-खटावात विहिरी आटल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, खायला मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी, जनावरं मिळेल त्या भावात बाजारात. या अख्ख्या वर्षातली घरची सात पत्रं आहेत आणि सातही पत्रांत 'पाऊस थोडा कमी आहे, बाकी सर्व ठीक'. आजोबा दिवाळीत सुट्टीवर आले तेव्हा घरात कुणी नव्हतं, आजी चार मैलांवर खडीच्या कामावर, आणि दावणीला तो खिलारी बैल नाही, ज्याचा खूर ते ढाक्याहून विचारत होते.

मला कायम वाटायचं, काळजी नको म्हणून घरच्यांनी लपवलं असेल, जशी आजोबांनी लढाई लपवली तसं यांनी. तीनेक वर्षांपूर्वी, आजोबा गेल्यावर, मी आजीला ती सात पत्रं मोठ्यानं वाचून दाखवली. 'बाकी सर्व ठीक' आलं तशी ती म्हणाली, 'आरं ह्ये म्या कुठं सांगितलं हुतं? म्या सांगितलं हीर आटली, बैल इकला, पोरगी आजारी हाय, समदं लिवा. मास्तर मान हलवायचा आन लिवायचा.'

पुढं काय लिहिलंय ते तिला पन्नास वर्षांनी पहिल्यांदा कळत होतं. मग म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून वाच.